केडगाव, १९०५ : बोलण्याचा अधिकार

पवित्र आत्म्याच्या कृपादानांवर भर देणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांना आज पेन्टेकॉस्टल किंवा कॅरिस्मॅटिक म्हणतात. त्यांना आपल्या श्रद्धा विचारल्या तर बहुधा एक ठरावीक यादी ऐकायला मिळते. पवित्र शास्त्र हा अखेरचा आधार, येशूवर स्वतःचा विश्वास, आत्म्याचा बाप्तिस्मा, अन्य भाषांत प्रार्थना, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि साक्ष. यादीत खोटे काही नाही. पण यांतल्या कोणत्या श्रद्धेसाठी त्या मंडळीने खरोखर काही सोसले, कोणती श्रद्धा वाचून उचलली आणि कोणती अनुभवातून आली, हे यादीवरून कळत नाही. त्यासाठी मंडळीच्या आरंभाकडे जावे लागते. मराठी वाचकाला त्याकरता फार लांब जायचे कारण नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे संजीवन, म्हणजे श्रद्धेचे सामूहिक पुनरुज्जीवन झाले, ते या चळवळीच्या जागतिक इतिहासातल्या पहिल्या घटनांपैकी एक आहे. लॉस एंजेलिसच्या अझूसा रस्त्यावरच्या प्रसिद्ध सभा सुरू झाल्या त्या त्यानंतर, एप्रिल १९०६मध्ये. रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण १९०५ नंतरच्या रमाबाईंपाशी आले की चरित्रकारांची पावले झपाझप पडू लागतात. समाजसुधारक रमाबाई त्यांना समजतात. प्रार्थनेत रात्री जागवणाऱ्या रमाबाई अवघड जातात. या दोघी एकच आहेत असे मला वाटते. देव मध्यस्थावाचून कोणाशीही बोलतो, आणि ज्याच्याशी तो बोलतो त्याला, मग ती दुष्काळातून वाचलेली निरक्षर पोर का असेना, चारचौघांत बोलण्याचा अधिकार मिळतो, ही केडगावच्या संजीवनाची मूळ श्रद्धा होती. बाकीच्या श्रद्धा या एकीभोवती उभ्या राहिल्या.

ही श्रद्धा रमाबाईंच्या मनात १९०५ साली अचानक उतरलेली नाही. त्यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना उडुपीच्या पंडितांपुढे शास्त्राधारे आपली बाजू मांडावी लागली होती. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणे वाचत फिरले. रमाबाईंनी उत्तरायुष्यात त्या दिवसांबद्दल लिहिले आहे. घाटावर किंवा देवळात मोठ्याने संस्कृत वाचायचे, लोकांनी ऐकायचे, दक्षिणा ठेवायची आणि जायचे. अर्थ कोणी सांगत नसे आणि विचारतही नसे, कारण पुण्य नुसत्या श्रवणात होते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. १८७८मध्ये भावाबरोबर त्या कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथेच धर्मशास्त्रांचा अभ्यास करताना त्यांच्या ध्यानात आले, की इतर बाबतींत एकमेकांना खोडून काढणारे ग्रंथ एका बाबतीत एकमुखी आहेत, आणि ती बाब म्हणजे बाई आणि शूद्र यांना वेदांचा अधिकार नाही. अधिकाराचा हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. ख्रिस्ती झाल्यावर तो मिटला असेल असे वाटते, पण तिथे तो आणखी टोकदार झाला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांचा तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा साधी होती. नवशिक्या ख्रिस्ती बाईने चर्चची शिकवण आहे तशी घ्यावी. रमाबाईंनी त्रैक्याचा सिद्धान्त तपासायला घेतला, अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या विश्वासांगीकारावर आक्षेप घेतले आणि स्पष्ट कळवले, की एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवून दुसऱ्याचे चढवून घ्यायला त्या तयार नाहीत. क्रूसावर लॅटिन अक्षरे हवीत की संस्कृत, यावरही वाद झाला. आपल्या बहिणींना कळणार नाही अशी भाषा अधिक पवित्र का मानायची, हा त्यांचा प्रश्न घाटावरच्या पुराणवाचनातून सरळ आलेला दिसतो. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असे घाटत होते, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातल्या बाईने पुरुषांना शिकवणे त्यांना गैर वाटले. म्हणजे विसाव्या शतकाच्या कितीतरी आधी, आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे नावही या कथेत नसताना, रमाबाईंनी दोन धर्मांच्या अधिकाऱ्यांकडून एकच गोष्ट ऐकली होती. तुला देवाविषयी काय कळते ते आम्ही ठरवू, आणि ते कुठे बोलायचे तेही आम्हीच. १८९१च्या सुमारास त्यांना जो अनुभव आला, त्याचे त्यांनी स्वतः केलेले वर्णन असे, की आजवर ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त आता सापडला. या वाक्यातला भेद पुढच्या सगळ्या हकिकतीचा पाया आहे. धर्म पुरोहित, बिशप आणि ग्रंथांच्या हवाली असतो. ख्रिस्त सापडण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

मुक्ती सदनाची उभारणी या विश्वासावर झाली, आणि तिची सर्वांत कठीण कसोटी पैशांत लागली. मुंबईला ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेले आणि पुढे पुण्याला आलेले शारदा सदन बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या देणग्यांवर चालत होते. तिथे धर्माबाबत तटस्थ राहण्याचे बंधन होते आणि उच्चवर्णीय विधवांसाठी जातीचे आचार पाळले जात. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून मुली-बायकांना घेऊन आल्या. या मुली सगळ्या जातींच्या होत्या. त्यांच्यासाठी केडगावला आधीच घेतलेल्या जमिनीवर झोपड्या, मग इमारती उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या. १८९९-१९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथे राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या जणींचे रोजचे जेवण ठरलेल्या उत्पन्नाशिवाय चालवायचे होते. रमाबाईंनी ब्रिस्टलचे अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर, चायना इनलँड मिशन आणि जॉन पेटन यांची चरित्रे वाचली होती. माणसांपुढे हात न पसरता देवाजवळ मागायचे आणि आले त्यात भागवायचे, ही त्यांची रीत रमाबाईंनी केडगावला आणली. या रीतीकडे भाबडेपणा म्हणून पाहणे सोपे आहे. पण तिचा एक परिणाम नजरेआड होतो. अन्नासाठीची प्रार्थना जेव्हा स्वयंपाकघरातल्या मुलीनेही करायची असते, तेव्हा त्या दिवशी धान्य आले तर ते तिच्याही प्रार्थनेचे उत्तर असते. आश्रिताला इथे देवापुढे पक्षकाराचे स्थान मिळते. केडगावला १९०५च्या आधी सात-आठ वर्षे हे रोज घडत होते.

जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी काही जणींना रोज एकत्र जमून संजीवनासाठी प्रार्थना करायला सांगितले. सुमारे सत्तर जणी जमल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली आणि दिवसातून दोनदा प्रार्थना होऊ लागली. मिनी अ‍ॅब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी बाई तिथे काम करत. त्यांच्या वृत्तान्तातल्या दोन गोष्टी या विषयात मला सर्वांत मोलाच्या वाटतात. पहिली २९ जूनच्या पहाटेची. एका मुलीला प्रार्थनेत असा काही अनुभव आला, की शेजारच्या मोठ्या मुलीला ती आगीने वेढलेली दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आले, की ही जळत नाही. थोड्याच वेळात त्या आवारातल्या सगळ्या मुली जमल्या, रडू लागल्या, आपली पापे कबूल करू लागल्या, आणि ती मुलगी त्यांच्या मधोमध बसून देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगत त्यांना पश्चात्तापाचे आवाहन करत राहिली. दुसरी गोष्ट ३० जूनच्या संध्याकाळची. रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या. अचानक सभेतल्या मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, साऱ्या एकदम, जिची तिची. आवाज इतका वाढला की रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले.

ज्वाळा खरोखर दिसल्या का, याचा निवाडा इतिहासकाराने करायचा नसतो. वृत्तान्ताची रचना मात्र पाहता येते. पहिल्या प्रसंगात वस्तीतली एक मुलगी उपदेशक होते. तिला कोणी नेमलेले नाही, तिच्याकडे दीक्षा नाही, शिक्षणही बेताचे असणार. दुसऱ्या प्रसंगात संस्कृत, इंग्रजी जाणणारी, दोन खंडांत व्याख्याने दिलेली, त्या जागेची सर्वाधिकारी बाई गप्प होते, कारण तिच्या विद्यार्थिनी देवाशी बोलत आहेत. रमाबाईंनी घंटा वाजवून शांतता करायला लावली असती तर ते कोणालाच वावगे वाटले नसते, कारण मिशनच्या शाळांत तेव्हा शिस्त कडक असे. त्यांनी तसे केले नाही. उलट 'मुक्ती प्रेअर बेल' या आपल्या नियतकालिकात त्याच वर्षी त्यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सुनावले, की हिंदुस्थानातल्या लोकांत संजीवन येईल ते त्यांच्या स्वभावाला मानवेल अशा रीतीने येऊ द्या. ज्या देवाने त्यांना घडवले त्याला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. तुमच्या वळणाची उपासना हेच खरे माप मानू नका. संबंध राष्ट्राचा एकच भावनाशील स्वभाव कल्पिणे मला पटत नाही, ते त्या काळातल्या युरोपीय समजुतीचेच उसने आहे. पण ते बाजूला ठेवले तरी मागणी उरतेच, आणि ती वीस वर्षांपूर्वी वाँटेजला केलेल्या मागणीचीच पुढची पायरी आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की यात केडगावचे स्वतःचे काही नाही, सारे आयात केलेले आहे. आक्षेपाला आधार आहे. रमाबाई १८९८मध्ये इंग्लंडमधल्या केसिकच्या प्रसिद्ध अधिवेशनाला गेल्या होत्या. ऑस्ट्रेलियात संजीवन झाल्याचे कळल्यावर त्यांनी मुलगी मनोरमा आणि अ‍ॅब्रम्सबाई यांना तिकडे पाठवले. १९०४-०५मध्ये वेल्समध्ये जे संजीवन पेटले त्याच्या बातम्या केडगावला येत होत्या, आणि वेल्श मिशनच्या खासी टेकड्यांतही १९०५च्या पूर्वार्धात अशीच लाट उठली होती. हे सगळे खरे आहे. पण बातमीने इच्छा जागी होते, आकार बातमीतून येत नाही. वेल्सच्या सभांत एव्हान रॉबर्ट्स हा पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेला तरुण होता, स्वतःच्या गावात, स्वतःच्या चॅपलमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या तेच गात आलेल्या लोकांत. केडगावच्या मुलींना गाव नव्हते, चॅपलची परंपरा नव्हती, बहुतेकींना घरही उरले नव्हते. त्यांच्याकडे योएल संदेष्ट्याचे आणि प्रेषितांच्या कृत्यांतले ते वचन होते, ज्यात आत्मा मुलामुलींवर, दासदासींवर ओतला जाईल असे म्हटले आहे. वेल्समध्ये या वचनातला 'दासी' हा शब्द कोणाला खास उद्देशून नव्हता. केडगावला सभेत बसलेल्या कित्येकींना तो थेट लागू होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे बरोबर होणार नाही. उपाशी, अनाथ, आप्तांचे मृत्यू पाहिलेल्या मुली एका बंदिस्त संस्थेत आहेत, त्यांना जगवणारी व्यक्ती रोज एका विशिष्ट अनुभवासाठी प्रार्थना करायला सांगते आहे, आणि मग तो अनुभव शेकडोंना एकदम येतो. याला आत्म्याचा वर्षाव म्हणायचे की समूहाचा उद्रेक? आणि ज्या मुलीचे अन्न त्या छपराखाली आहे तिला 'मला हा अनुभव आला नाही' असे म्हणण्याची कितपत मुभा असेल? १८९३मध्ये शारदा सदनातल्या धर्मांतरांवरून 'केसरी'ने उठवलेल्या वादळात याच प्रश्नाचे एक रूप होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतीच्या माणसांनाही तेव्हा सल्लागार मंडळातून बाहेर पडावे लागले. मुक्ती सदनाने तटस्थतेचा दावा केला नव्हता, ते उघडपणे ख्रिस्ती होते, म्हणून वचनभंगाचा आरोप तिथे लागत नाही. पण भुकेल्या मुलाला अन्न आणि धर्म एकाच ताटात वाढण्याचा नैतिक पेच कायम राहतो, आणि तो रमाबाईंच्या चांगुलपणाने सुटत नाही. शिवाय मुलींचे म्हणणे आपल्यापर्यंत बहुतेक रमाबाई, अ‍ॅब्रम्स आणि हेलन डायर यांच्यासारख्या लेखिकांच्या इंग्रजीतून आले आहे. बोलण्याचा अधिकार ज्यांना मिळाला असे मी म्हणतो आहे, त्यांचे बोल कागदावर त्यांच्या हातचे क्वचितच आहेत. माझ्या प्रतिपादनातली ही सर्वांत कच्ची जागा आहे.

तरीही निव्वळ उद्रेक म्हणून हा प्रसंग बाजूला सारता येत नाही, कारण उद्रेक ओसरल्यावर काय शिल्लक राहिले ते पाहायला मिळते. प्रार्थना करणाऱ्या मुलींच्या टोळ्या बांधल्या गेल्या. १९०७मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात, की सुमारे सातशे मुली-बायका या कामात आहेत आणि पाळीपाळीने रोज साठेक जणी आसपासच्या गावांत जातात. भीमेच्या खोऱ्यातल्या त्या काळच्या गावांत तरुण, एकट्या बायकांनी चार-सहाच्या गटाने यावे, चावडीपाशी किंवा विहिरीवर उभे राहून गावे, बोलावे, आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, हे दृश्य नवे होते. विधवेने तोंड दाखवू नये अशा समाजात हे करायला आवेशापेक्षा काही अधिक लागते. पुन्हा पुन्हा, दर पाळीला, लोकांच्या नजरा सोसत हे करणे म्हणजे ती श्रद्धा अंगी मुरली होती. दडपणाखाली आलेला अनुभव संस्थेच्या आवारात टिकू शकतो. परक्या गावच्या वेशीवर तो रोज उभा राहील असे मला वाटत नाही.

आता अन्य भाषांचा, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलण्याचा प्रश्न. त्यावाचून या चळवळीची कोणतीही चर्चा पुरी होत नाही. अमेरिकेत चार्ल्स पार्हमने १९०१पासून शिकवण दिली होती, की आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची बायबलमधली खूण म्हणजे अन्य भाषेत बोलणे. अझूसा रस्त्यावरच्या विल्यम सीमोरच्या सभांतून ती जगभर गेली. तिच्या जोडीला आणखी एक अपेक्षा होती. देव मिशनऱ्यांना परक्या देशांच्या भाषा न शिकता देईल, मग बोटीत बसून थेट जाऊन प्रचार करता येईल. या विश्वासाने आल्फ्रेड गार १९०७च्या आरंभी कलकत्त्याला आला. आपल्याला बंगाली मिळाली आहे असे त्याला वाटत होते. ती मिळाली नव्हती, आणि त्याला आपला अर्थ बदलावा लागला. केडगावला अन्य भाषांत बोलणे डिसेंबर १९०६च्या सुमारास ठळकपणे दिसू लागले, म्हणजे संजीवनाला दीड वर्ष होऊन गेल्यावर. दौंडला मुलांचे अनाथालय चालवणारे अल्बर्ट नॉर्टन यांनी, इंग्रजी न येणाऱ्या मुलीला इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहिले आहे. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही, मात्र इंग्रजी मिशनरी रोज वावरत असलेल्या आवारात मुलींच्या कानांवर काय काय पडले असेल हेही ध्यानात ठेवावे लागते. या क्रमातून निघणारा निष्कर्ष माझ्या मते निर्णायक आहे. खूण आधी आणि फळ नंतर, असे इथे घडले नाही. पश्चात्ताप, एकत्र प्रार्थना, साक्ष, गावांत जाणे, हे सारे आधी आले आणि भाषा नंतर. रमाबाई स्वतः अन्य भाषांत बोलल्या नाहीत. आपल्या मुलींच्या अनुभवाचा त्यांनी टीकाकारांपुढे बचाव केला, पण आत्मा मिळालेल्या प्रत्येकाने तसे बोललेच पाहिजे, ही शिकवण त्यांनी स्वीकारली नाही. आणि केडगावच्या मुलींना परकी भाषा हवी कशाला होती? त्यांना ज्या लोकांशी बोलायचे होते ते मराठीच बोलत होते. कमी होती ती बोलण्याच्या अधिकाराची, आणि तो जून १९०५मध्ये मिळाला होता.

कोणी म्हणेल, रमाबाईंच्या संस्थेत अधिकार तर सगळा रमाबाईंचाच होता. वेळापत्रक त्यांचे, नियम त्यांचे, हिशेब त्यांचा. हे खरे आहे, आणि मुक्ती सदनाला लोकशाही म्हणण्याचा मोह मला नाही. पण कॅरिस्मॅटिक मंडळीची ओळख तिच्या व्यवस्थापनात सापडत नाही. उपासनेत कोणाचा शब्द थांबवता येतो आणि कोणाचा येत नाही, हे तिथे पाहायचे असते. आपल्याला न आलेला अनुभव आपल्या आश्रितेला आला, हे मान्य करून त्या अनुभवाला खरे मानणारी व्यवस्थापिका या विषयाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. पुढच्या शतकात अशा असंख्य मंडळ्या निघाल्या, ज्यांत अनुभवाचा साठा आधी पाळकाकडे आणि मग त्याच्या हातून इतरांकडे असा प्रवाह ठरून गेला. व्यासपीठावरचा अभिषिक्त माणूस आणि रांगेत उभे असलेले लोक हे चित्र महाराष्ट्रातल्या मोठ्या संजीवन सभांतही आता नवे नाही. केडगावचा प्रवाह उलट दिशेने वाहिला होता. तो वसतिगृहातून सभागृहाकडे आला.

या श्रद्धेला रमाबाईंनी दिलेले सर्वांत कष्टाचे रूप छापखान्यात सापडते. मुक्तीच्या आवारात विणकाम, शेती, दुग्धालय, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, असे पुष्कळ उद्योग होते, पण छापखाना वेगळा. प्रचलित मराठी बायबल थोडे शिकलेल्या बाईला जड जाते असे रमाबाईंचे मत झाले होते, म्हणून त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत नवे भाषांतर करायला घेतले. खिळे जुळवणाऱ्या मुलीच होत्या. त्यांना देवनागरीबरोबर हिब्रू आणि ग्रीक अक्षरेही ओळखायला शिकवले गेले. ज्या मुलीला घरी राहती तर पाटीही मिळाली नसती, ती खणांतून एकेक हिब्रू अक्षर उचलून ओळ जुळवते आहे. घाटावर अर्थावाचून ऐकू येणाऱ्या ग्रंथापासून निघालेल्या बाईचे हे काम होते. ते अठराएक वर्षे चालले. मनोरमा जुलै १९२१मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ला. भाषांतर त्याआधी पुरे झाले होते, संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर आले. संजीवनाच्या काळात आत्म्याने बोलणारी मंडळी ग्रंथाकडे दुर्लक्ष करते, हा या चळवळीवरचा नेहमीचा ठपका. केडगावला मात्र आत्म्याचा आवाज आणि ग्रंथाची अक्षरे यांची फारकत कधी झालीच नाही, कारण दोन्ही एकाच मुलींच्या हाती होती.

मग केडगावचे नाव या चळवळीच्या इतिहासात इतके दिवस मागे का राहिले? एक कारण सरळ आहे. रमाबाईंनी पंथ काढला नाही. १९१४मध्ये अमेरिकेत असेंब्लीज ऑफ गॉडची स्थापना झाली, १९१६मध्ये तिने आपल्या मूलभूत श्रद्धांचे निवेदन मंजूर केले, आणि अशा संघटनांनी आपला वंशवृक्ष लॉस एंजेलिसपासून काढला. मुक्ती कोणत्याच पेन्टेकॉस्टल पंथात गेली नाही. अलीकडे अ‍ॅलन अँडरसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी अनेक उगमांची मांडणी केल्यावर केडगाव पुन्हा नकाशावर आले. दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. १९१४च्या त्याच पहिल्या सभेत बायकांना सुवार्तिक आणि मिशनरी म्हणून मान्यता मिळाली, पण वडीलपद मिळाले नाही, मतही नाही. आत्मा दासींवर ओतला जातो हे वचन छापून घेणाऱ्या चळवळीने दासींनी कुठवर बोलावे याची हद्द लगेच आखली. बायकांच्या आवारात सुरू झालेली कथा अशा इतिहासाला आरंभ म्हणून सोयीची नव्हती.

केडगावची ठिणगी जिथे स्पष्टपणे मागोवा घेता येईल अशी पडली ते ठिकाण चिली आहे. अ‍ॅब्रम्सबाईंनी १९०६मध्ये आत्मा आणि अग्नी यांच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली. शिकागोत त्यांच्याबरोबर शिकलेल्या मे लुईस हूवर तेव्हा पतीबरोबर व्हाल्पारायसोला होत्या. विलिस हूवर तिथल्या मेथडिस्ट मंडळीचे पाळक होते. पुस्तिका १९०७मध्ये त्यांच्या घरी पोचली. केडगावच्या मुलींना जे मिळाले ते आपल्या लोकांना का मिळू नये, असा प्रश्न त्या घरात निघाला, प्रार्थना सुरू झाल्या आणि १९०९मध्ये तिथे संजीवन झाले. चर्चच्या अधिकाऱ्यांशी तंटा विकोपाला गेला तो त्या वर्षीच्या १२ सप्टेंबरला, सान्तियागोमध्ये. एलेना लेडलॉ नावाची एक बाई, नव्याने विश्वासात आलेली, मेथडिस्ट उपासनेत उभी राहून बोलू पाहत होती. पाळकाने परवानगी नाकारली, गोंधळ झाला, पोलीस आले आणि तिला घेऊन गेले. पुढच्या वर्षी हूवर मेथडिस्ट चर्चमधून बाहेर पडले. चिलीच्या पेन्टेकॉस्टल मंडळ्या आपला जन्मदिवस म्हणून १२ सप्टेंबरच पाळतात.